टर्की कॉलचा आवाज का बसतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : भाऊ, नमस्कार. माझे दादा अमेरिकेत मिसुरीला असतात, तिथं एप्रिलमध्ये जंगली टर्कीच्या शिकारीला जातात. दिवाळीत आले तेव्हा त्यांचा स्लेटचा कॉल, म्हणजे नर टर्कीला जवळ बोलवायला मादीचा आवाज काढायची, वाटीवर बसवलेली दगडी पाटी आणि ती घासायची कांडी, आम्हाला दाखवायला आणला आणि इथंच राहून गेला. आता कुणासोबत तरी पाठव म्हणताहेत. काढून वाजवून बघितला तर आवाजच नाही, कांडी नुसती घसरतेय. मधे आईनं धूळ बसली म्हणून ओल्या फडक्यानं पुसून वरून खोबरेलाचा हात फिरवला होता. कायमचा गेला का?
*– एक वाचक, फैजपूर*

उत्तर : नाही गेला, आणि आईंना काही बोलू नका. काळा दगड दिसला की तेलाचा हात फिरवायची आपल्याकडं रीतच आहे, पण या वस्तूला नेमकं तेच चालत नाही. हा कॉल फुंकायचा नसतो, घासायचा असतो. कांडीचं टोक पाटीवर अडकतं, सुटतं, परत अडकतं, असं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्यातून जो थरथराट होतो तो खालच्या वाटीत घुमून मादी टर्कीचा आवाज निघतो. सारंगीच्या गजाला राळ का लावतात, तेच इथं. पकड पाहिजे. तेल लागलं की पकड गेली, आणि पकड गेली की आवाज गेला.

आता काय करायचं ते सांगतो. पाटी खिडकीपाशी तिरपी धरा, जिथं कांडी फिरून फिरून गुळगुळीत झालंय तिथं चकाकणारा पट्टा दिसेल, आणि तुमच्याकडं तर तेलामुळं सगळीच पाटी चकाकत असेल. २२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, कोरडाच, पाणी अजिबात नको, आणि एकाच दिशेनं हलक्या हातानं घासा. गोल गोल नाही. करडी पावडर निघायला लागेल, ती कोरड्या सुती कपड्यानं झटका, फुंकू नका, तोंडातली वाफ लागते. चकाकी जाऊन पाटी एकसारखी मळकट राखाडी दिसली की थांबा. तेल मुरलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत डाग वर येईल, मग परत एक हात मारा. एकदा तेल निघालं की नेहमीसाठी पेपरची गरज नाही, भांड्याची नवी कोरी हिरवी घासणी पुरते. नवीच हं, सिंकवरची नाही, तिच्यात साबण आणि तुपाचा अंश असतोच.

कांडीकडं मात्र लोक बघतच नाहीत. निम्म्या वेळा दोष तिचाच असतो. टोक काळपट आणि चकचकीत झालं असेल तर त्याच पेपरवर टेकवून दोन-चारदा हलकं फिरवा, टोकाचा गोलवा तसाच राहिला पाहिजे, सपाट करू नका. नंतर टोकाला आणि पाटीला बोट लावायचं नाही. आपल्या हाताला घाम असतो, तेल असतं, ते पुरतं आवाज बसवायला. वाजवताना वाटी बोटांच्या टोकांवर धरा, तळव्यात दाबून धरली तर खालची भोकं बंद होतात आणि आवाज कोंडतो. कांडी उचलायची नाही, कडेपासून इंचभर आत, घासलेल्या रेघांना आडवी, छोटी छोटी ओढायची.

दादांकडं काचेचा पण असेल तर त्याला घासणी पुरणार नाही. काच कडक असते, तिला ८० ते १०० नंबरचा जाड पेपर किंवा घासायचा दगड लागतो.

प्रश्न : असा कॉल वाजवून आपल्या सातपुड्यात तितर किंवा मोर जवळ येतील का? मित्र म्हणतात एकदा ट्राय करू.
*– एक वाचक, शहादा*

उत्तर : नका करू. जंगली टर्की हा उत्तर अमेरिकेचा पक्षी, आपल्याकडं रानात नाहीच, त्यामुळं त्याच्या मादीच्या हाकेला मोर यायचं कारण नाही. आणि शिकारीचा विचार असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा स्पष्ट आहे, नुसतं मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं हे सगळं त्यात शिकारीतच धरलंय. मोर तर पहिल्या शेड्युलमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला पक्षी आहे. तिकडं दादांसारखे लोक लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, ठरलेल्या संख्येत शिकार करतात. आपल्याकडं ती वाटच नाही, मित्रांना हे नीट सांगा.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, जावयांनी पेनसिल्व्हेनियाहून लाकडी बॉक्स कॉल, म्हणजे झाकण कडांवर घासून टर्कीचा आवाज काढायची छोटी पेटी, हौस म्हणून आणून दिला, नातवंडं आली की वाजवून दाखवतो. झाकणाला लावायचा खडू संपला म्हणून शाळेतला डस्टलेस खडू लावला, आता आवाज फाटतो. पॉलिश पेपर मारू का? उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?
*– एक वाचक, धुळे*

उत्तर : काका, पेपर मारू नका! स्लेटला चालतं ते याला चालत नाही. बॉक्सच्या भिंतीची वरची कड आणि झाकणाचा पोटाकडचा बाक, या दोन्हींचा आकार बनवणाऱ्यानं आवाज ऐकत ऐकत जमवलेला असतो, पेपरनं तो क्षणात बदलतो आणि परत आणता येत नाही. हा सगळा प्रकार जुना आहे, आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी बॉक्स कॉलचं पेटंट १८९७ साली घेतलं, आणि आजही मुळात रचना तीच.

शाळेच्या खडूत बाइंडर असतो, त्याचा लाकडावर गुळगुळीत थर बसतो. शिंप्याचा खडू तर अजून वाईट, त्यातल्या काहींत मेण असतं. हिरव्या घासणीनं तो थर हलकेच काढा, लाकूड दिसेपर्यंत, त्याच्या पुढं नाही. मग जावयांना सांगून बिनतेलाचा, बिनमेणाचा बॉक्स कॉलचाच खडू मागवा, एक कांडी कितीतरी वर्षं पुरते. झाकणाच्या पोटाला लावा, कडांना अगदी थोडा. झाकणाचा स्क्रू फिरवू नका, तो पण आवाज जमवूनच कसलेला असतो. हललाच असेल तर पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि प्रत्येक वेळी वाजवून बघा.

आता उन्हाळा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि हवा इतकी कोरडी की दाराच्या फळ्या सुद्धा आकसतात, तिथं या पातळ भिंतींचं काय होणार. उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका, जोडाचा गोंद सुटतो. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, कूलरसमोर पण नको, त्यात ओल असते. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. ओला झालाच तर हेअर ड्रायर नको, उन्हात पण नको, सावलीत दोन दिवस उघडा राहू द्या, मग नवा खडू. आणि झाकण आणि बॉक्स यांच्यामध्ये सुती कपड्याची पट्टी घालून वरून रबरबँड लावा, म्हणजे डबा हलवताना झाकण कडांवर घासून खडू झडत नाही.