छोट्या गाडीचे टायर बदलायचे आहेत, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कुणाचं ऐकू?

तुम्ही लिहिलंय की गाडीला १६५/७० आर१४ मापाचे (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के, रिम १४ इंची) टायर आहेत, ४० हजार किलोमीटर झालेत आणि चार ओळखीच्यांनी चार वेगळी नावं सुचवलीत. एक म्हणतो गाडीसोबत आले तेच पुन्हा घे, दुसरा म्हणतो याहून रुंद टाक. मीही याच मापाची गाडी अकरा वर्षं चालवतेय. टायरचा तिसरा संच सुरू आहे आणि दुसऱ्या संचापासून मी वही ठेवलीय: तारीख, किलोमीटर, इंधन, हवा, खाचांची खोली. त्या वहीनेच मला शिकवलं की टायरबद्दल कुणी मत दिलं की आधी विचारायचं, "तू हे कशाच्या तुलनेत सांगतोयस?"

बहुतेक लोक गोटा झालेल्या जुन्या टायरची तुलना कोऱ्या टायरशी करतात. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांपर्यंत पोचलेला टायर १.६ मिलिमीटरवर आलेला असतो आणि त्याचं रबरही चार-पाच वर्षांत कडक झालेलं असतं. अशा टायरवरून उतरून कुठलाही नवा संच टाकला, तरी पहिल्याच दिवशी गाडी मऊ, शांत आणि रस्त्याला चिकटून चालल्यासारखी वाटणारच. तो आनंद खरा असतो, पण तो नवेपणाचा असतो. म्हणून "गेल्या महिन्यात टाकले, मस्त आहेत" हे मत मी बाजूला ठेवते. ज्याने तोच टायर तीस हजार किलोमीटर वापरलाय आणि एक-दोन पावसाळे पाहिलेत, त्याच्याशी मात्र निवांत बोलावं.

याची दुसरी बाजूही आहे. नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज थोडं घटलं की लोक टायरला दोष देतात. झिजलेल्या टायरमध्ये रबर कमी उरलेलं असतं, फिरताना कमी वाकतं आणि त्यामुळे कमी ताकद खातं. नव्याने भरपूर रबर आलं की इंधन किंचित जास्त लागतं. तिसरा संच टाकला तेव्हा माझ्या वहीतही ही घट दिसली. नवा टायर वाईट आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आता माणसामाणसांतला फरक. दुसऱ्या संचाच्या वेळी मी आणि माझ्या धाकट्या भावाने एकाच महिन्यात, एकाच कंपनीचे, अगदी एकाच नक्षीचे टायर घेतले. गाड्याही सारख्याच. त्याचे २८ हजारांत संपले, माझे ५२ हजारांपर्यंत चालले. तो आजही सर्वांना सांगतो की तो टायर टाकाऊ आहे. मी त्याचे काढलेले टायर हाताने चाचपून पाहिले. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग ठीक, म्हणजे कित्येक महिने हवा कमी होती. पुढच्या डाव्या टायरवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं लागायचं. हे अलाइनमेंट बिघडल्याचं लक्षण. टायर तेच होते, पण चाकांचे कोन आणि हवा वेगळी होती. दोन ड्रायव्हर एकाच टायरबद्दल उलटसुलट बोलत असतील, तर त्यातला एक जण बहुधा आपल्या गाडीबद्दल बोलत असतो.

हवा मी पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी हलवण्याआधी तपासते. तापमानात १० अंशांचा फरक पडला की दाब दीड-दोन पीएसआयने बदलतो, त्यामुळे थंडी सुरू झाली की हवा आपोआप कमी दिसते. तेवढ्याने टायर खराब झालाय असं समजू नका.

माझ्या तीन संचांचं म्हणाल तर, पहिला गाडीसोबत आलेला. हलका, सहज फिरणारा, ॲव्हरेज उत्तम, ओल्या रस्त्यावर साधारण. ४५ हजारांवर काढला. दुसरा मी फक्त टिकाऊपणा बघून घेतला आणि टिकण्यात त्याने शब्द पाळला. ५२ हजारांवरही ३ मिलिमीटर शिल्लक होते. पण एकदा पावसात उतारावर, वेग फार नसताना, ब्रेक दाबल्यावर एबीएसची (चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून असलेल्या यंत्रणेची) खडखड सुरू झाली आणि गाडी मला हवी होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. मागे मुलगी झोपलेली होती. त्या दिवसानंतर जास्त चालणारा टायर म्हणजे चांगला टायर हे समीकरण मी सोडून दिलं. फार टिकावं म्हणून केलेलं कडक रबर ओल्या डांबराला पुरेसं धरत नाही, हा सौदा टायर बनवणाऱ्यांनाही पूर्णपणे चुकवता येत नाही. १९९२मध्ये मिशेलिनने रबरात सिलिका मिसळून हा ताण बराच कमी केला, पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. तरी निवड उरतेच. तिसरा संच मी ओल्या रस्त्यावरची पकड बघून घेतला. ३१ हजारांत खाचा ४ मिलिमीटरवर आल्यात, म्हणजे ३८-४० हजारांत ३ मिलिमीटरवर येतील आणि मी तेव्हाच बदलेन. मला ते मान्य आहे.

ही पकड कशी ओळखायची? तुम्ही घेताय त्या टायरला युरोपीय लेबल असेल तर त्यावर ओल्या रस्त्यासाठी ए (सर्वांत चांगली) ते ई अशी श्रेणी असते. टायर किती टिकेल हे सांगणारा अमेरिकी पद्धतीचा ट्रेडवेअर आकडा बाजूवर असेल तर तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला कामाचा आहे. दोन कंपन्यांत मात्र त्यावर विसंबू नका, कारण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. म्हणूनच मी नुसतं कंपनीचं नाव विचारत नाही. एकच कंपनी टिकाऊ, शांत आणि चिकट असे तिन्ही प्रकार बनवते.

रुंद टायरबद्दल. तुमच्या टायरचा व्यास ५८६.६ मिलिमीटर आहे. १७५/६५ आर१४ टाकला तर तो ५८३.१ होतो, फरक नगण्य. माझ्या सहकाऱ्याने १७५/७० आर१४ टाकले, त्याचा व्यास ६००.६. म्हणजे चाक अडीच टक्क्यांच्या आसपास मोठं झालं. तेव्हापासून काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जास्त वेगाने पळते आणि किलोमीटर कमी मोजले जातात. "ॲव्हरेज पडलं" अशी त्याची तक्रार होती, त्यातला काही भाग निव्वळ मोजणीचा होता. त्याचं स्टेअरिंगही जड झालं. आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर उलट लवकर तरंगतो, कारण हवा तेवढीच असेल तर जमिनीला टेकणारा भाग फारसा वाढत नाही, फक्त आडवा पसरतो. लहान, हलक्या गाडीला मूळ मापच शोभतं असं माझं ठाम मत आहे. बदलायचंच असेल तर १७५/६५पर्यंत जा, रिमच्या रुंदीला तो चालतो का ते बघा आणि बाजूवरचा भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ८१ म्हणजे एका टायरला ४६२ किलो, ८२ म्हणजे ४७५.

घेताना बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर मी तरी घेत नाही.

आणि एकदम चार घेणं जमत नसेल, दोनच घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना बसवायला सांगा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे म्हणून बसवणारा ते पुढे टाकायला जाईल, तुम्ही आग्रह धरा. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सुटली तर शेपटी फिरते, आणि ती सावरायला वेळ मिळत नाही. पहिले तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही.