मुलं मोठी होईपर्यंत थांबू का?

विम्याचं काम काही वर्षं मनापासून केलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींचा प्रश्न एकच असतो. शाखेतून सांगणं आलेलं असतं, की आता एकटीने पॉलिसी करणं पुरे, नवे एजंट तयार करा, टीम घ्या. पैसे वाढणार असतात, पद मिळणार असतं. आणि घरी मुलं शाळेत असतात. "मॅडम, मुलं मोठी होईपर्यंत थांबू का?"

वृंदाताईही हेच विचारायला आल्या होत्या. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही. वय सदतीस, घर नाशिकच्या सिडकोत, नवरा अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टला. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, सासूबाईंना मधुमेह. आठ वर्षांची एजन्सी. सुरुवात नात्यागोत्यातून झाली, मग नवऱ्याच्या कारखान्यातले कामगार, मग माहेरच्या निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. त्यांच्या शब्दावर लोक सही करायचे, कारण दोन क्लेमच्या वेळी त्या स्वतः कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. असं नाव पैशाने मिळत नाही.

नवऱ्याचं म्हणणं त्यांनीच सांगितलं: "माझी काही हरकत नाही, फक्त घराकडे दुर्लक्ष व्हायला नको." अशी परवानगी मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. तिच्यात घराची सगळी जबाबदारी जिथल्या तिथे ठेवलेली असते. बाईच्या मात्र मनावर पहिल्या दिवसापासून टांगती तलवार, की मुलाला ताप आला, मुलीचे मार्क कमी झाले, की बोट माझ्याकडे.

मी त्यांना आदल्या आठवड्यातल्या संध्याकाळी आठवून लिहायला सांगितल्या. सहानंतर काय काय केलं, फोन कुणाचे आले, कशासाठी आले. टीम अजून घेतलेलीच नव्हती, तरी दोन नव्या मुलींना त्या शाखेच्या सांगण्यावरून शिकवत होत्या. कागदावर जे उतरलं ते बघून त्या स्वतःच गप्प झाल्या. नव्या पॉलिसीसाठी गेलेला वेळ थोडा होता. जास्त वेळ गेला होता त्या मुलींचे फॉर्म दुरुस्त करण्यात, त्यांच्या ग्राहकांना त्यांच्याऐवजी फोन करण्यात, आणि घरात प्रत्येकाला आठवण करून देण्यात. सासूबाईंची गोळी, मुलाची डायरी, गॅसचा नंबर, नवऱ्याचा डबा. मुलगा खेळता खेळता त्यांना म्हणाला होता, "मॅडम, दोन मिनिटं वेळ आहे का तुमच्याकडे?" अगदी त्यांच्याच फोनवरच्या आवाजात. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

त्यांचा खरा अडथळा मला इथे दिसला. दोन्हीकडे काम दुसऱ्याच्या हाती सोडवत नव्हतं. नवी मुलगी ग्राहकासमोर अडखळली की वृंदाताई पुढे होऊन बोलणी पूर्ण करायच्या. नवऱ्याने मुलाचा अभ्यास घ्यायला बसवलं की स्वयंपाकघरातून सूचना सुरू. यात त्यांचा दोष शोधायला मी तयार नाही. इतकी वर्षं एखादी पॉलिसी बंद पडली तर ग्राहक त्यांनाच विचारायचा, आणि शाळेतून चिठ्ठी आली तर सगळं घर त्यांच्याकडेच बघायचं. जाब ज्याला द्यावा लागतो त्याचा हात कामावरून निघत नाही. पण टीम घेतली की हीच सवय दहापट महाग पडते. दहा एजंटांचे ग्राहक एक बाई सांभाळू शकत नाही, आणि सांभाळायला गेली तर ते दहाजण शिकतही नाहीत.

पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत बोलावलं. भला माणूस. "मी मदत करतोच की, ती सांगेल ते करतो." मी म्हटलं, दादा, तिला सांगावंच लागू नये असं एखादं खातं पूर्ण तुमच्याकडे घ्याल का? थोडा वेळ गेला. मग त्यांनी मुलाची शाळा घेतली. डायरी, फी, पालकसभा, सर्दीतापाचे डॉक्टर, सगळं. सासूबाईंच्या औषधांचं मुलीने बघावं असं त्यांनी सुचवलं, त्याला मी हरकत घेतली. आठवीतल्या मुलीकडे आईचा भार सरकवायचा आणि मुलगा मोकळा, हे घरात किती सहज होतं ते रोज बघते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या म्हणे, "डबीवर वार लिहून द्या, माझं मी घेईन." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आणि शिफ्टचा तक्ता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर चालणारी हजारो घरं अशीच आहेत. पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात नवरा चारपर्यंत घरी. दुसऱ्या शिफ्टला तो मध्यरात्री येतो. म्हणजे आईच्या सगळ्या संध्याकाळी सारख्या नसतातच. वृंदाताईंनी ठरवलं, की नव्या एजंटांबरोबर ग्राहकाकडे जायचं ते पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात टीमची बैठक सकाळी अकराला, मुलं शाळेत असताना. रात्री साडेआठनंतर एजंटांचा फोन घ्यायचा नाही, क्लेमचा असेल तरच घ्यायचा. पहिल्या पंधरवड्यात एक मुलगी रुसली. नंतर तिचे प्रश्न सकाळी येऊ लागले, आणि निम्मे तिने स्वतःच सोडवलेले असायचे.

आता पैशाबद्दल, कारण घराची शांतता इथेही मोडते. टीम घेतल्यावर पहिल्या मार्चमध्ये टार्गेट अपुरं राहिलं, की कुणीतरी सुचवतं, "ग्राहकाचा पहिला हप्ता तुम्ही भरून टाका, पुढचं बघू." ग्राहकाला कमिशनमधला वाटा देणं विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे मना आहे, दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. तरी हे चालतं, आणि पैसे जातात घरखर्चातून, कधी सोनं ठेवून. मी अशी दोन-तीन घरं जवळून पाहिली आहेत. नवऱ्याला कळतं तेव्हा भांडण पैशावरून कमी आणि लपवण्यावरून जास्त होतं. वृंदाताईंना मी नवऱ्यासमोरच वचन द्यायला लावलं, की टार्गेटसाठी घरातला एक रुपया लागणार नाही. पद गेलं तरी चालेल.

हप्ता भरून ओढून आणलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडते, हेही आहेच. दुसऱ्या वर्षीचा हप्ता किती जणांनी भरला याला तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी म्हणतात, आणि टीम नेणाऱ्याचं मोजमाप त्यावरही होतं. घर सांभाळून हे काम करणाऱ्या बाईने हा आकडा फार जपावा असं मला वाटतं. चुकीची विकलेली प्रत्येक पॉलिसी पुढच्या वर्षी एक संध्याकाळ खाते: तक्रार, समजूत, पुन्हा चालू करण्याचे कागद. वृंदाताईंना हे निफाडमुळे आधीच माहीत होतं. द्राक्षवाल्याच्या हातात पैसा येतो तो जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल निघतो तेव्हा. त्याला सप्टेंबरात वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली, की पुढच्या वर्षी हप्ता येतो तो नेमका ऑक्टोबर छाटणीच्या खर्चात, हप्ता उशिरा भरायला मिळणारा सवलतीचा महिनाही त्यातच निघून जातो आणि पॉलिसी बंद. त्या अशा ग्राहकाला थांबवायच्या, "माल निघू द्या दादा, मग करू." हेच त्यांनी टीमला पहिल्या बैठकीत शिकवलं.

शाखेने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. एक पगारावर अधिकारी होण्याची, एक स्वतःची एजन्सी ठेवून हाताखाली एजंट घडवण्याची. वेगवेगळ्या कंपन्यांत यांची नावं आणि नियम वेगळे असतात, म्हणून मी प्रत्येकीला काही गोष्टी लेखी विचारायला सांगते. माझी एजन्सी चालू राहील की सोडावी लागेल? रिन्युअल कमिशनचं, म्हणजे जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या कमिशनचं काय? टार्गेट टीमच्या धंद्यावर मोजणार की भरतीच्या संख्येवर? बदली होऊ शकते का? टार्गेट चुकलं तर पगाराचं काय? "मॅनेजरसाहेब चांगले आहेत" हे उत्तर पुरेसं नाही, साहेबांची बदली होते. वृंदाताईंनी दुसरी वाट घेतली. आठ वर्षांच्या रिन्युअलवर घराचा एक हप्ता चालत होता, तो त्यांना सोडायचा नव्हता. पगाराची वाट वाईट आहे असं नाही. नवऱ्याची नोकरी कच्ची असती तर मी कदाचित तीच सुचवली असती.

आजच्या घडीला या कामाला माणसं हवीही आहेत. ९ डिसेंबर २०२४ ला एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या बायकांना तीन वर्षं प्रशिक्षण, पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये विद्यावेतन, पुढे ६,००० आणि ५,०००, अर्थात ठरलेल्या पॉलिसी केल्या तर. अशा नव्या मुलींना पहिल्या नकारानंतर उभं करायला अनुभवी बाई लागते. सासर, शेत, लहान मूल यांतून वेळ कसा काढायचा हे सुटाबुटातला प्रशिक्षक सांगू शकत नाही.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. पहिल्या तीन एजंटांपैकी एक महिन्यात सोडून गेली. जानेवारीत सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा टीमचं काम जवळजवळ थांबलं आणि वृंदाताईंनी शाखेत जाऊन पहिल्या वर्षाचं टार्गेट पूर्ण होणार नाही असं मार्चची वाट न बघता सांगून टाकलं. त्यांना आतापर्यंत असं कधी बोलता आलं नव्हतं. नवऱ्याने मुलाला दोनदा गणवेश चुकवून शाळेत पाठवलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही काय केलं? "काहीच नाही. ओठ घट्ट दाबून बसले." तिसऱ्यांदा चुकला नाही. रविवारचा वाद मात्र अजून आहे. कामगार ग्राहक रविवारीच भेटतात आणि नवऱ्याला तो दिवस घराचा हवा असतो. सध्या महिन्यातले दोन रविवार कामाचे, दोन घरचे असं चाललंय, आणि दोघंही थोडे नाराज आहेत. मला तेवढं पुरेसं वाटतं.

थांबावं का, या प्रश्नाला माझं उत्तर प्रत्येकीसाठी एक नाही. तान्हं मूल असेल, घरात गंभीर आजारपण असेल, तर वर्षभर थांबा, पण किती थांबायचं त्याची तारीख ठरवून थांबा, आणि तोवर एक नवी एजंट शिकवत राहा. नुसतं "मुलं मोठी झाल्यावर" म्हणून थांबू नका. आठवीनंतर दहावी येते, दहावीनंतर बारावी. वृंदाताईंची मुलगी दोन वर्षांनी दहावीला असेल आणि तिची परीक्षा विम्याच्या वर्षअखेरीला येऊन भिडेल. त्यासाठी त्यांनी आत्ताच शाखेला कळवलंय, की त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरगावचे दौरे करणार नाही, टीमचा धंदा डिसेंबरपर्यंत पुढे काढून ठेवू. साहेब नाखूश आहेत. लेखी उत्तर अजून आलेलं नाही, आणि त्या दर आठवड्याला ते मागत आहेत.