कापड कोरडं ठेवा, पाणी रोजचं: घरगुती बेबी वाइप्सबद्दल तुमचे प्रश्न

बाळासाठी घरीच वाइप्स कसे करावेत, या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. पुष्कळांनी स्वतःची कृतीही लिहून पाठवली आहे: कोणी पाण्यात बेबी शाम्पू घालतं, कोणी तेल, कोणी सुगंधी अर्क. बाळाच्या अंगाला काय लागतं याचा तुम्ही एवढा विचार करता, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यामुळे उत्तरंही स्पष्टच देते.

माझी मुलगी सहा आठवड्यांची आहे. विकतचे वाइप्स वापरले की तिची त्वचा लाल होते. घरी करता येतील अशी अगदी साधी कृती सांगाल का?

सुती कापड आणि उकळून गार केलेलं पाणी, एवढंच लागतं. तिसरी वस्तू नको.

जुना, बऱ्याच वेळा धुतलेला सुती टी-शर्ट सगळ्यांत सोयीचा, कारण तो मऊ झालेला असतो आणि कापल्यावर त्याच्या कडांचे धागे सुटत नाहीत. फ्लॅनेलही छान, पण त्याच्या कडा शिवून घ्याव्या लागतात. साधारण १५ ते १८ सेंटिमीटरचे चौकोन कापा. शी पुसायला दुहेरी कापड बरं पडतं. तान्ह्या बाळाचा लंगोट दिवसातून दहा-बारा वेळासुद्धा बदलावा लागतो, त्यामुळे तीसेक तुकडे हाताशी असू द्या. ते धुऊन, खडखडीत वाळवून झाकणाच्या डब्यात कोरडेच ठेवा.

पाण्याला चांगली खळखळून उकळी आली की ते आणखी एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि स्वच्छ बाटलीत भरा. लंगोट बदलताना तुकडा भिजवायचा, हलका पिळायचा आणि वापरायचा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी ओतून टाका आणि बाटली घासून वाळवा.

सहा आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत मी एवढी काटेकोर का, तेही सांगते. जन्मतः त्वचेचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त), जवळजवळ उदासीन असतो. पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू आम्लाकडे झुकत ५.५च्या आसपास येतो. हा सौम्य आम्लपणा त्वचेचं संरक्षण करतो. शू आणि शी एकत्र आली की शीमधले जंतू शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, पीएच वाढतो, आणि मग शीमधली पाचकद्रव्यं जास्त जोमाने त्वचेवर काम करू लागतात. लाली येते ती प्रामुख्याने यातून. त्यात साबणासारखा अल्कलीयुक्त पदार्थ दिवसातून दहा वेळा लावला, तर त्वचेला सावरायला वेळच मिळत नाही.

पुसण्याची पद्धतही तेवढीच महत्त्वाची आहे. आधी लंगोटाच्याच स्वच्छ भागाने बरीचशी शी काढून घ्या, मग ओला तुकडा वापरा. मुलींना नेहमी पुढून मागे पुसायचं. मुलांच्या शिश्नावरची कातडी मागे ओढून साफ करायला जाऊ नका, ती बाहेरून पुसली की झालं. मांड्यांच्या घड्या उघडून पुसा, शेवटी कोरड्या कापडाने टिपून घ्या आणि चार मिनिटं बाळाला तसंच मोकळं राहू द्या. घासू नका. लाली आलेल्या बाळाला वाइप्स बदलल्याने जेवढा फरक पडतो, तेवढाच घासणं थांबवल्यानेही पडतो.

दोन कप पाणी, एक चमचा बेबी शाम्पू, एक चमचा तेल आणि व्हिटॅमिन ईची एक गोळी, असं मिश्रण करून मी आठवड्याचे वाइप्स डब्यात भिजवून ठेवते. पाचव्या दिवशी कुबट वास येतो. ते टिकावेत म्हणून काय घालू?

टिकवण्यासाठी काही घालू नका. भिजवून साठवायचं बंद करा. आजच्या सगळ्या उत्तरांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

उकळल्यामुळे पाण्यातले बहुतेक जंतू मरतात, हे खरं. पण त्यानंतर त्यात कापड जातं, डबा येतो, आणि दिवसातून दहा वेळा हात आत जातो, तोही कित्येकदा लंगोट सोडल्यानंतर. ओलावा, खोलीतली ऊब आणि वर तेल-शाम्पूचा खुराक, एवढं मिळालं की जंतू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. स्यूडोमोनास नावाचे जंतू तर नुसत्या पाण्यातही तग धरतात. वास किंवा काळे ठिपके ही फार उशिरा दिसणारी खूण आहे. तिसऱ्या दिवशी वास आला नाही म्हणजे डबा स्वच्छ होता, असं होत नाही. सगळी साधनं हाताशी असलेल्या कारखान्यांनाही जंतू सापडल्यामुळे वाइप्स बाजारातून परत मागवावे लागले आहेत. मग स्वयंपाकघरातल्या डब्याकडून आठवडाभराची अपेक्षा कशी ठेवणार?

व्हिटॅमिन ई तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतूंना ते रोखत नाही. काही जणी सोडियम बेन्झोएट घालू का, असं विचारतात. हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारं रसायन, पुरेशा आम्ल द्रावणातच, ढोबळमानाने पीएच ५च्या खाली, नीट काम करतं. त्यामुळे पाण्याचा पीएच न मोजता, चमच्याच्या अंदाजाने ते घालण्यात काही अर्थ नाही.

शाम्पूबद्दलही सांगायला हवं. बेबी शाम्पू सौम्य असतो, पण लावून धुऊन टाकण्यासाठी तो बनवलेला असतो. वाइप्समधला शाम्पू धुतला जात नाही, त्वचेवरच वाळतो, आणि पुढच्या लंगोटाच्या वेळी त्यावर आणखी एक थर चढतो. शी फारच चिकट असेल तर ओल्या तुकड्यावर सौम्य बेबी वॉशचा एखादा थेंब घ्या आणि लगेच साध्या पाण्याच्या तुकड्याने दोनदा पुसून काढा.

भिजवलेलेच वाइप्स हवे असतील, उदाहरणार्थ रात्रीसाठी, तर फक्त उकळलेल्या पाण्यात तेवढ्यापुरते भिजवा आणि सकाळी उरतील ते धुवायला टाका.

कोणतं तेल चांगलं? ऑलिव्ह ऑइल सगळ्यांत नैसर्गिक म्हणतात.

नैसर्गिक आहे, पण तान्ह्या त्वचेसाठी मी ते सुचवत नाही. ऑलिव्ह ऑइलमध्ये ओलिक आम्ल खूप असतं आणि ते त्वचेच्या बाहेरच्या थरातल्या स्निग्धांची रचना विस्कळीत करतं. प्रौढांच्या त्वचेवर केलेल्या अभ्यासांतही हे दिसलं आहे. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त असतं, ते त्वचेला मानवतं. मात्र बाटलीवर ‘हाय ओलिक’ लिहिलं असेल तर ते तेल या कामाचं नाही.

पण तेल पाण्यात मिसळायचंच कशाला? ते वर तरंगतं. मग एक तुकडा तेलकट निघतो आणि दुसरा नुसता ओला. वाळलेली शी किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर काढायचा असेल, तर कोरड्या तुकड्यावर दोन-तीन थेंब तेल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. मलमाचा स्वच्छ थर राहिला तर राहू द्या. तो खरवडून काढण्याची मुळीच गरज नसते, त्यावरच नवा थर लावता येतो.

टी ट्री आणि लॅव्हेंडरचे चार थेंब घातले तर जंतूही मरतील आणि वासही छान येईल. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरबद्दलही वाचलं आहे. यातलं काय वापरू?

यातलं काहीच वापरू नका, कृपा करून.

सुगंधी अर्क पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचा थेंब एखाद्याच तुकड्यावर जसाच्या तसा बसतो आणि बाळाच्या त्वचेला तेवढ्या जागी तीव्र अर्क लागतो. त्यातून ॲलर्जी होऊ शकते. टी ट्री तेल पोटात गेलं तर विषारी आहे, आणि बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. लॅव्हेंडर आणि टी ट्री असलेली उत्पादनं सतत वापरणाऱ्या लहान मुलग्यांची छाती वाढल्याची उदाहरणं २००७ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. कारण-परिणामाचा तो वाद अजून मिटलेला नाही, पण वासापुरता एवढा धोका पत्करावा असं मला तरी वाटत नाही. कापूर आणि निलगिरीचं तेल बाळाच्या आसपासही नको. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात.

खाण्याचा सोडा अल्कलीयुक्त आहे, म्हणजे त्वचेला हवं त्याच्या नेमकं उलट. तो खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शोषला जातो. लंगोटाच्या पुरळावर सोडा वारंवार लावल्याने एका तान्ह्या बाळाच्या रक्तातला आम्ल-अल्कली तोल गंभीरपणे बिघडल्याची नोंद १९८१ सालच्या वैद्यकीय साहित्यात आहे. बोरिक पावडर तर कधीच नाही, तिने बाळं दगावलेली आहेत. व्हिनेगरने कोवळ्या त्वचेवर रासायनिक भाजल्याच्या जखमा होऊ शकतात. ताज्या कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक दाहक असतो, म्हणून पान चिरून त्याचा गर वाइप्समध्ये घालणंही टाळा.

किचन टॉवेलचा रोल अर्धा कापून त्यावर मिश्रण ओतायचं, ही पद्धत कशी?

तातडीच्या वेळी छापील नक्षी नसलेला कागद साध्या पाण्यात भिजवून वापरायला हरकत नाही. पण तो कापडापेक्षा खरखरीत असतो, घड्यांमध्ये त्याचे कण सुटतात, आणि भिजवून ठेवला तर त्यालाही बुरशी येते. वापरलेला कागद कमोडमध्ये टाकू नका, सांडपाण्याचा पाइप तुंबतो.

कापडी वाइप्स धुतले तरी वास राहतो आणि ते कडक होतात. धुवायची योग्य रीत कोणती?

कडकपणा बहुतेक वेळा डिटर्जंट उरल्यामुळे किंवा जड पाण्यामुळे येतो. शी लागलेले तुकडे आधी गार पाण्याखाली धरा, कारण गरम पाण्याने डाग बसतो. मग ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, बिनवासाच्या डिटर्जंटने धुवा. डिटर्जंट नेहमीपेक्षा कमी घाला आणि स्वच्छ पाण्यातून एकदा जास्त काढा. खळबळताना फेस दिसत असेल तर अजून काढायला हवं. फॅब्रिक सॉफ्टनर नको: त्याचा थर बसून कापड पाणी शोषत नाही, शिवाय त्यातला सुगंध बाळाच्या त्वचेला लागतो.

वापरलेले तुकडे पाण्यात बुडवून दिवसभर ठेवू नका. भोकं असलेल्या बादलीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी धुवा. उन्हात वाळवा. अर्धवट वाळलेला एक तुकडा डब्यात गेला की बाकीच्यांनाही वास लागतो. घरात कुणाला जुलाब होत असतील तर त्या दिवसांत हे तुकडे वेगळे धुवा.

मी दोन आठवडे फक्त पाणी आणि कापड वापरते आहे, तरी पुरळ जात नाही. आता घड्यांमध्ये लालभडक झालंय आणि आजूबाजूला बारीक ठिपके आलेत.

तुमचं वर्णन कॅन्डिडा या यीस्टच्या, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीच्या, संसर्गाशी जुळतं. साधी लाली सहसा लंगोट घासतो त्या फुगीर भागांवर येते आणि घड्या वाचतात. यीस्टमध्ये घड्याच लालभडक होतात आणि कडेला सुटे ठिपके उठतात. बाळाला किंवा दूध पाजणाऱ्या आईला नुकतीच अँटिबायोटिक्स दिली असतील तर याची शक्यता वाढते. हे वाइप्स बदलून जाणार नाही, त्याला बुरशीविरोधी मलम लागतं, आणि ते डॉक्टरांनी बाळ पाहून द्यायला हवं.

घरात पडलेलं, मोठ्यांच्या खाजेसाठी आणलेलं मलम मात्र लावू नका. त्यात पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असतं आणि बंद लंगोटाखाली ते कितीतरी जास्त शोषलं जातं. फोड, पू, रक्त, ताप किंवा दूध पिणं कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

म्हणजे विकतचे वाइप्स वाईटच का? प्रवासात काय करायचं?

सरसकट वाईट नाहीत. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१२ साली नवजात बाळांवर केलेल्या चाचणीत तान्ह्यांसाठी बनवलेले सौम्य वाइप्स कापूस आणि पाण्याइतकेच सुरक्षित ठरले होते. प्रश्न त्यात काय घातलंय याचा आहे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक ॲलर्जीसाठी इतकं कुप्रसिद्ध झालं की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला २०१३ सालचा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ जाहीर केलं. त्वचेवर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत युरोपीय संघाने पुढे त्यावर बंदीच घातली. पाकिटावरची यादी वाचा: हे नाव, सुगंध आणि अल्कोहोल नको. ज्यांच्या बाळाला विकतच्या वाइप्सने काहीच होत नाही, त्यांनी ते टाकून देण्याचं कारण नाही.

प्रवासात कोरडे तुकडे एका पिशवीत, उकळलेल्या पाण्याची लहान बाटली सोबत, आणि वापरलेल्यांसाठी घट्ट बंद होणारी दुसरी पिशवी. एवढ्यात दिवस निघतो.

तेच वाइप्स तोंड आणि डोळे पुसायला चालतील का? आणि थंडीत गरम करून घ्यावेत का?

तोंडासाठी तुकडे वेगळे ठेवा, वेगळ्या रंगाच्या कापडाचे केले तर रात्रीच्या अंधारातही गोंधळ होत नाही. डोळ्यांना फक्त उकळून गार केलेलं पाणी वापरा. नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि दुसऱ्या डोळ्याला नवा तुकडा घ्यायचा. डोळा लाल झाला किंवा पापण्या पिवळट चिकटल्या तर दाखवून घ्या.

ओले वाइप्स मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. मधला एखादा तुकडा चटका बसण्याइतका तापतो आणि वरून ते कळत नाही. दिवसभर उबदार ठेवणाऱ्या डब्यात जंतूंचीही सोय होते. फ्लास्कमध्ये कोमट पाणी ठेवा, तुकडा भिजवून पिळा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा.