हसू नेमकं कशावर फुटतं?

विज्ञान आणि विनोद : वाचकांचे प्रश्न

नाटकातला, रीलमधला, फॉरवर्डमधला विनोद लोकांना विज्ञानाच्या जवळ नेतो की दूर, असं विचारणारी बरीच पत्रं यंदा आली. त्यांतली ज्यांना कामाचं उत्तर देता येईल, अशी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमची आठवी-नववीची मुलं दहा मिनिटांचं प्रहसन करतात. गेल्या वर्षी लिंबातून रक्त काढणाऱ्या बुवावर केलं. पालक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर बुवाची दाढी निसटली तो प्रसंग सगळ्यांना आठवत होता. लिंबू लाल का झालं, ते दोघांनाच सांगता आलं. कुठे चुकलं? (शिक्षिका, डिचोली)

उत्तर : हसू फुटण्याची जागा चुकली. प्रेक्षक ज्या चित्रावर हसतो, ते चित्र घरी नेतो. त्याच्या मागेपुढे केलेलं भाषण रंगमंचावरच राहतं. तुमचं हसू दाढीवर होतं आणि कारण मात्र शेवटी कुणीतरी पाठ म्हटलेल्या चार वाक्यांत. कारणावरच हसू येईल, अशी मांडणी करा.

आधी प्रयोग हातात बसू द्या. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिल ऑरेंज हा दर्शक, म्हणजे आम्ल लागलं की रंग बदलणारं रसायन, असतो. त्याचं ०.१ टक्का द्रावण सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं; असे तीन थर. हा दर्शक सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.१ च्या खाली लाल होतो, ४.४ च्या वर पिवळा, मधल्या पट्ट्यात नारिंगी. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.६ च्या आसपास, म्हणून पातं आत शिरताच रस लाल. काकडीचा ५ च्या वर, म्हणून ती पिवळसरच. प्रयोग फसतो तो बहुधा घाईने : थर ओला असतानाच कापलं की रंग नुसता ओघळतो, आणि एकच थर दिला तर लाली मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. लिंबू सुकलेलं नको. खाली पांढरी ताटली धरा, प्रेक्षकांकडे थोडी कललेली. कापलेली फळं कुणी तोंडात घालणार नाही, ही जबाबदारी एका मुलाला नेमून द्या, आणि सुरी हाताळताना तुम्ही विंगेत हजर राहा.

आता प्रसंग. बुवा म्हणतो, घरावर करणी आहे. लिंबू कापतो, रक्त. सगळे गप्प. घरातली म्हातारी पुढे येते : बरं झालं, जरा ती सुरी द्या, कोशिंबिरीची काकडी राहिलीय. काकडी कापते, काही नाही. परसातलं आंबटढाण बिंबल कापते, लालभडक! ‘म्हणजे करणी बिंबलावर आहे, काकडीवर नाही?’ मग ती सुरी साबणाने घासून धुते, बुवाचंच दुसरं लिंबू कापते, रस स्वच्छ. ‘अगो बाई, ही करणी साबणाने जाते!’ या वाक्याला येणारं हसू सुरीवर आहे, म्हणजे कारणावर आहे. त्यानंतर मिथिल ऑरेंज हे नाव एकदा घेतलं तरी पुरे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बुवाकडे गेलेल्या आईला वेडगळ दाखवू नका. तिचं मूल आजारी असतं, दवाखाना लांब असतो, शेजारी सांगतात म्हणून ती जाते. प्रेक्षकांत अशी एखादी आई बसलेली असतेच. तिला हसलात की पुढचं काही तिच्या कानात शिरत नाही, आणि खरं तर नाटक तिच्यासाठीच आहे.

प्रश्न : किनाऱ्यावर जेलीफिश डसली तर त्यावर लघवी करावी, असं दाखवणारी गमतीची रील आमच्या ग्रुपमध्ये फिरते आहे. उपाय खरा का? आम्ही स्वतःही रील करतो, त्यामुळे विचारतो. (फोंडा)

उत्तर : खोटा, आणि त्रास वाढवू शकणारा. समज जुना आहे, पण १९९७ साली अमेरिकेतल्या एका अतिशय गाजलेल्या विनोदी मालिकेत तो आला आणि घरोघरी पोचला. हसता हसता लोक प्रथमोपचार शिकले, तोही चुकीचा.

जेलीफिशच्या सोंडांवर सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळी केलेला विषारी धागा असतो. स्पर्शाने, दाबाने किंवा भोवतालच्या पाण्याचा खारटपणा बदलला की तो सुटतो. कातडीला चिकटलेल्या सोंडेवर अशा न सुटलेल्या पेशी पुष्कळ उरलेल्या असतात. लघवी, बाटलीतलं गोडं पाणी, बिअर यांपैकी काहीही ओतलं तर त्याही सुटण्याचा धोका असतो. वाळूने चोळणं तर त्याहून वाईट.

करायचं ते असं : पाण्याबाहेर या. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवा. सोंडा चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचला, खरवडू नका. मग सोसेल इतपत कढत पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सियस, तो भाग २० मिनिटं ठेवा. पाणी न डसलेल्या माणसाने आधी तपासावं. दुखणाऱ्या माणसाला भाजल्याचं भान राहत नाही. श्वास लागला, छातीत दुखलं, डोळ्याला किंवा तोंडाला लागलं असेल, तर जीवरक्षकाला हाक मारा आणि १०८ लावा. निळ्या फुग्यासारखा दिसणारा ब्लूबॉटल वाळूत पडून सुकला असला तरी डसतो.

रील करायचीच तर शॅकमधल्या चहाच्या किटलीला नायक करा. एक मित्र उपायाच्या तयारीत आडोशाला निघालेला, दुसरा त्याला मागे ओढून किटलीतल्या पाण्यात थंड पाणी मिसळून बघतो आहे. लोक हसतील आणि किटली लक्षात ठेवतील.

प्रश्न : जत्रेच्या नाटकात आम्ही माकडतापावर एक विनोदी प्रवेश घातला. लोक हसले, पण जाणती माणसं म्हणाली, अशाने रोगाचं गांभीर्य जातं. त्यांचं बरोबर का? (वाळपई)

उत्तर : अर्धं बरोबर. अमेरिकेत रॉबिन नबी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की विनोदातला मुद्दा लोक लक्ष देऊन ऐकतात, पण ‘हा तर विनोद’ म्हणून बाजूला ठेवतात. काही दिवस गेल्यावर विनोद मागे पडतो आणि मुद्दा डोकं वर काढतो. म्हणूनच मुद्दा खरा हवा, कारण आठवड्याने उरणार आहे तो तोच.

तुमच्या प्रवेशात माकड माणसांच्या मागे लागतं, असं पत्रात लिहिलं आहे. तेच बदला. रोगाच्या नावानेच आधी घोटाळा केला आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात हा रोग ओळखला गेला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तो २०१५ पासून दिसला. माकडं त्याने मरतात, म्हणजे तीही बळीच. विषाणू पोचवते ती गोचीड, आणि माणसाला बहुतेक वेळा चावते ती तिची पिल्लावस्था, तिळाहूनही लहान. ती पावसाळ्यानंतर वाढते आणि उन्हाळ्यापर्यंत राहते, म्हणजे नेमका काजूचा मोसम.

खलनायक डोळ्यांना दिसतच नाही, यात विनोदाला केवढी जागा आहे! बोंडू वेचून आलेलं अख्खं कुटुंब त्याला शोधतंय : विजारीच्या दुमडीत, कमरेच्या नाडीत, कानामागे, गुडघ्याच्या लवणीत. शोधायच्या जागा नेमक्या याच. सापडल्यावर एकजण रॉकेल घेऊन धावतो, दुसरा पेटती काडी. आजी दोघांना थांबवते आणि बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढते. रॉकेलने आणि चटक्याने गोचीड तोंड रुतवून बसते, शिवाय आतलं द्रव जखमेत सोडू शकते, म्हणून ते उपाय नकोत. मेलेलं माकड दिसलं तर त्याच्याजवळ जाऊ नये, कारण थंड झालेल्या शरीरावरून गोचिडी उतरतात. आरोग्य केंद्राला कळवावं. चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी मोठा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर जंगलात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

प्रवेश संपताच, पुढचा सुरू होण्याआधी, आरोग्यसेविकेला दोन मिनिटं त्याच रंगमंचावर उभं करा. तिने विनोद करू नये. अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल कुठे मिळतं, एवढंच सांगावं.

आणि हसण्याने विज्ञानाचं नुकसान होतं ही धास्ती आजची नाही. जून १८०२ मध्ये लंडनला जेम्स गिलरेचं व्यंगचित्र निघालं : देवीची लस, जी गाईंच्या देवीपासून केलेली असे, ती टोचलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडताहेत. त्याच महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. लस टिकली, पण गाईचं चित्रही आजतागायत टिकून आहे.

प्रश्न : ‘२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप माझे काका दरवर्षी पाठवतात. ग्रुपवर सगळे त्यांची टर उडवतात, मग ते चिडून आणखी चार निरोप पाठवतात. काय करावं? (म्हापसा)

उत्तर : टर उडवणं थांबवावं, आणि काकांशी वेगळं बोलावं. निरोपाच्या मुळाशी खरी घटना आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता. इतका जवळ तो हजारो वर्षांत आला नव्हता. मूळ मजकूर असा होता की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिला तर मंगळ, नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो तेवढा दिसेल. पुढे दुर्बीण गळाली, मग वर्षही गळालं. गणित घरी करता येईल : आकाशातला आकार कोनाने मोजतात, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. मंगळाची तबकडी २५ विकला, गुणिले ७५ म्हणजे १८७५ विकला, म्हणजे ३१ कला. चंद्र साधारण तेवढाच.

काकांना एक फोटो पाठवा. साडेसात सेंटिमीटर तोंडाची नारळाची करवंटी, शेजारी मिलिमीटरभर मोहरीचा दाणा. ‘काका, हा चंद्र आणि हा त्या वर्षीचा मंगळ.’ हसू येईल ते मोहरीवर. व्हॉट्सॲपच्या निरोपावर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून आला आहे, हेही त्यांना दाखवून ठेवा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला शास्त्रज्ञ काढायला सांगितला. पिंजारलेले केस, मिशा, पांढरा कोट, धूर निघणारी बाटली. हे कार्टूनमुळे का? (मडगाव)

उत्तर : कार्टूनने ते पक्कं केलं, असं म्हणता येईल. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ४८०७ मुलांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्त्री शास्त्रज्ञ २८ निघाल्या, आणि ती सगळी चित्रं मुलींची. त्यानंतरच्या अमेरिकी अभ्यासांची २०१८ मध्ये बेरीज केली, तेव्हा स्त्री शास्त्रज्ञांच्या चित्रांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

चित्र खोडू नका. दुसरा कागद द्या आणि सांगा, आता बोटीवर काम करणारी शास्त्रज्ञ काढ. १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर उतरलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी अदिती पंत या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या. समुद्रशास्त्रज्ञाला पांढऱ्या कोटाऐवजी जाड जाकीट, बूट आणि पाण्याचे नमुने भरायच्या बाटल्या लागतात. मुलीला हे सांगून बघा. बोट वादळात डुचमळते आहे, बाटल्या गडगडताहेत, शास्त्रज्ञ एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने झाकण लावते आहे, असं चित्र आलं तर ते आम्हाला पाठवा.