‘गणित कच्चं’ म्हणजे नेमकं काय कच्चं?

प्रश्न : माझी मुलगी मराठी शाळेत चौथीत आहे. पहिल्या सत्राच्या निकालात बाकी विषयांना ब-1, अ-2 अशा श्रेणी आहेत, गणिताला मात्र क-1. यजमान अंबडला कंपनीत शिफ्टला असतात, त्यामुळे अभ्यास मीच घेते. दुसऱ्या सत्रासाठी अकरा ध्येयं लिहून मी फ्रिजवर लावली : गणितात अ-1, तीसपर्यंत पाढे, रोज शुद्धलेखन, इंग्रजी बोलणं वगैरे. आठ दिवसांत तिनं त्या कागदाकडे बघणंही सोडलं. यजमान म्हणतात, पुढे इंजिनिअरिंगला घालायचंय तर आत्ताच फाउंडेशनचा क्लास लावू. येत्या शनिवारी पालकसभा आहे. बाईंशी काय बोलू? गणिताच्या पेपरचे फोटो सोबत पाठवते. माझं माहेर दिंडोरीचं, तिथे आमची द्राक्षबाग आहे. आई म्हणते, पोरीला सुट्टीत इकडेच पाठव, डोकं शांत होईल. – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, पेपरचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पालक फक्त श्रेणी कळवतात, आणि क-1 वरून मला एवढंच समजतं की 51 ते 60 च्या दरम्यान गुण आहेत. मूल कुठे अडलंय ते पेपरात दिसतं.

तुमच्या मुलीनं 652 मधून 278 वजा करून 374 लिहिलंय. अगदी बरोबर. त्याच्याच खाली 604 वजा 278 आहे आणि तिचं उत्तर आहे 474. हे कसं आलं असेल? चारातून आठ जात नाहीत, शेजारी दशकाकडे मागायला गेली तर तिथे शून्य. मग तिनं सगळीकडे मोठ्यातून लहान वजा केलं : आठातून चार, सातातून शून्य, सहातून दोन. म्हणजे हातचा तिला येतो, मधे शून्य आलं की मात्र गाडी अडते. दुसरी चूक, ‘एकोणसत्तर’ अंकात लिहिताना 79. तिनं ‘सत्तर’ ऐकलं आणि नऊ जोडला. आपल्या भाषेतल्या या ‘एकोण’नं भल्याभल्यांना फसवलंय, त्याचं फार मनावर घेऊ नका. तिसरी गोष्ट, शेवटची दोन्ही शाब्दिक उदाहरणं कोरी आहेत. ती समजली नाहीत की वेळ संपला, हे फोटोवरून कळत नाही. तिलाच विचारा, पण रागावून नव्हे.

तर ‘गणित कच्चं’चा अर्थ इतकाच निघाला. आता ध्येय ठरवणं सोपं आहे.

पहिलं ध्येय एकच ठेवा, आणि ते तिच्या तोंडून येऊ दे. काहीसं असं : ‘मधे शून्य असलेली वजाबाकी मी नाताळच्या सुट्टीपर्यंत कुणाला न विचारता करीन.’ ‘गणितात अ-1’ हे तिच्या हातातलं नाही, उद्या सकाळी उठून त्यासाठी काय करायचं हे नऊ वर्षांच्या मुलीला कळत नाही. पाच वजाबाक्या करायच्या, हे कळतं. आठवड्यातून तीन दिवस, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनंच खूण करायची.

शिकवताना वही बाजूला ठेवून पर्स उघडा. शंभराच्या सहा नोटा आणि रुपयाची चार नाणी तिच्यासमोर मांडा, दहाची एकही नोट ठेवू नका. तुम्ही दुकानदार व्हा आणि 278 रुपये मागा, नेमके. ती म्हणेल, सुट्टे नाहीत. मग शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक मोडून दहा नाणी. दिल्यावर हातात उरतात 326. हा खेळ तीन-चार वेळा झाला की मग वही. शून्यापाशी थांबून ‘पलीकडच्या शतकाकडून सुट्टे आणायचे’ हे तिला स्वतःला सुचलं पाहिजे.

उरलेल्या दहा ध्येयांचं काय? तुमच्या माहेरी विचारा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर येतील तितके सगळे घड कुणी ठेवतं का? विरळणी करतातच. मी स्वतः मात्र हे उशिरा शिकले. माझा मुलगा तिसरीत असताना मी सात ध्येयांचा रंगीत तक्ता भिंतीवर लावला होता, रोज एक चांदणी. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की चांदण्या तोच काढून ठेवतोय, आगाऊ, पुढच्या गुरुवारपर्यंतच्या.

आता पालकसभा. ‘बाई, कशी आहे हो आमची?’ असं विचारलंत तर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ एवढंच ऐकून घरी याल. चाळीस मुलांच्या वर्गात याहून वेगळं उत्तर सुचणं अवघडच. त्याऐवजी तो पेपर घेऊन जा आणि दोनच गोष्टी विचारा. एक, वर्गात हातच्याची वजाबाकी कोणत्या शब्दांत शिकवता? आपण लहानपणी शिकलेली रीत बऱ्याचदा वेगळी असते. घरी एक आणि शाळेत दुसरी असं झालं की मूल दोन्हीकडे चुकतं. दुसरी, तिच्या आकारिक नोंदी बघायला मिळतील का? आपल्याकडे 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय अशा गोष्टींचा आणि 40 टक्के संकलितचा म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा. म्हणजे निकालातला मोठा हिस्सा वर्गातल्या रोजच्या कामातून येतो, आणि पालक बघतात फक्त पेपर. ती तोंडी सांगते का, फळ्यापाशी जाते का, हे त्या नोंदींत सापडेल. जमल्यास मुलीलाही सोबत न्या आणि तिचं ध्येय बाईंना तिलाच सांगू द्या. एकदा बाईंसमोर बोलली की ते तिचं झालं.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की दोन आठवडे हातातून जातात. ते धरूनच चाला, त्या दिवसांत ओरडू नका. संक्रांतीच्या सुमारास दुसरं ध्येय घ्या, शाब्दिक उदाहरणांचं. सुरुवातीला सोडवायचं नाहीच. मोठ्यानं वाचायचं आणि ‘काय दिलंय, काय विचारलंय’ एवढंच आपल्या शब्दांत सांगायचं. पाढे, इंग्रजी, शुद्धलेखन शाळेच्या गतीनं चालू द्या.

यजमानांना सांगा, फाउंडेशनचा क्लास आत्ता नको. कॉलेज रोडवरचे फलक बघून कुणाच्याही पोटात गोळा येतो, मान्य. पण ‘निपुण भारत’मध्ये केंद्र सरकारनं तिसरीअखेरसाठी ठेवलेलं उद्दिष्टही समजून वाचणं आणि पायाभूत अंकगणित, इतकंच आहे. माझ्याकडे बारावीनंतर येणाऱ्या मुलांना मी विचारते, फिजिक्समध्ये नक्की काय जमत नाही? निम्मी मुलं म्हणतात, ‘फिजिक्सच जमत नाही, मॅडम.’ तुमची मुलगी चौथीत ‘शून्य आलं की मी अडते’ असं सांगायला शिकली, तर इंजिनिअरिंगच्या तयारीला तेवढं आत्ता पुरे. आणि शिफ्टचं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी दुकानदार यजमानांना होऊ द्या.

सुट्टीत दिंडोरीला जरूर पाठवा. जाण्याआधी तिच्याकडून मधे शून्य असलेल्या पाच वजाबाक्या सोडवून घ्या आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. चुकलेल्या खोडू नका, तशाच राहू देत.