नव्या मिशनक्षेत्रातलं पहिलं वर्ष

सुरुवातीला सगळं छान वाटेल. मग चिडचिड सुरू होईल, लोकांचं वागणं खटकेल, घरची ओढ लागेल. म्हणून पाचारणाबद्दलच, म्हणजे देवाने या सेवेला बोलावलंय याबद्दलच, शंका घेऊ नका. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली हेच टप्पे मांडले होते, आणि परदेशी राहायला गेलेल्या अनेकांना ते कमी-जास्त प्रमाणात अनुभवावे लागतात.

पहिल्या वर्षी भाषा शिकणं हीच सेवा समजा. दुभाष्याच्या भरवशावर उपदेशाची घाई नको. शेजाऱ्यांकडे बसा, लग्नाला जा, मयतीला तर नक्की जा. त्यांची मदत मागायलाही लाजू नका. जो सतत फक्त देतच राहतो, त्याच्याशी बरोबरीची मैत्री होत नाही. एखादी प्रथा विचित्र वाटली तर तिला लगेच पाप ठरवू नका. आधी तिथल्या विश्वासणाऱ्यांना विचारा.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला पोहोचले, पण त्यांच्या सेवेतून विश्वासात आलेले पहिले हिंदू कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला तो डिसेंबर १८०० मध्ये. तेव्हा मंडळीला (तुम्हाला पाठवणाऱ्या चर्चला) पाठवायच्या अहवालात बाप्तिस्म्यांचे आकडे नसले तर नसू द्या, खरं तेच लिहा.

आणि मातृभाषेत सोबत प्रार्थना करणारं कुणीतरी ठेवाच, फोनवर का होईना.