अकरा जिंकूनही दुसरा?

प्रश्न : 2024 च्या मोटोजीपीत (मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेत) बान्यायाने रविवारच्या 11 मुख्य शर्यती जिंकल्या, मार्टिनने तीनच. मग विजेता मार्टिन कसा? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीत पहिला आला की विषय संपला, इथे वर्षाची बेरीज चालते. रविवारी पहिल्याला 25, दुसऱ्याला 20. शनिवारच्या अर्ध्या अंतराच्या स्प्रिंट शर्यतीत पहिल्याला 12. पडलात की शून्य! बान्याया वारंवार पडला, मार्टिन गुण गोळा करत राहिला : 508 विरुद्ध 498.

त्याच वर्षी फॉर्म्युला वन या कारच्या स्पर्धेत रेड बुल संघाच्या व्हर्स्टॅपेनने पहिल्या 10 पैकी 7 शर्यती जिंकल्या, विजेतेपदाला तीच आघाडी पुरली. संघाच्या गुणांत मात्र दोन्ही गाड्या धरतात. त्याच्या 437 गुणांना संघातल्या दुसऱ्या चालकाची, पेरेझची, जोड फक्त 152 ची; मॅक्लारेन संघाकडे नॉरिस 374, पियास्त्री 292. म्हणून संघांत रेड बुल तिसरा. कारच्या जागतिक रॅली स्पर्धेतही वर्षाची बेरीजच; तिथे पाचदा उपविजेता राहिलेला नॉयव्हिल त्या वर्षी एकदाचा जिंकला.